डब्याचा भाव लावण्याआधी
ताई, शेजारच्या डब्याचा भाव बघून आपला लावू नका. किराणा-भाजी सगळेच धरतात. गॅस, पॅकिंग, डबे पोचवणाऱ्याचे पैसे आणि स्वतःची मजुरी मात्र राहून जाते. धंद्याला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर लागतो, घरगुती चालत नाही. नवा लावला की त्यावर खडूने तारीख टाका आणि संपेपर्यंत किती डबे गेले ते मोजा. डब्यामागे गॅस कितीला पडतो ते कळेल. पोळ्या भराभर होतात, वेळ जातो तो भाजी निवडण्यात. गवार, मेथी आदल्या रात्रीच निवडून ठेवा. उद्या डबा नको असेल तर रात्री नऊच्या आत कळवायचं, हे पहिल्याच दिवशी सांगा. नंतर सांगितलं की लोक फुगतात! महिन्याचे पैसे आगाऊच घ्या, अगदी नात्यातले असले तरी.