त्याला आईचा कान दिसला

प्रिय मावशी,
माझा धाकटा भाऊ १४ महिन्यांपासून तळोजा कारागृहात कच्चा कैदी आहे. हाणामारीची केस आहे, आयुष्यातली पहिलीच. आम्ही औसा तालुक्यात राहतो. आई ६८ वर्षांची, तिला ऐकू कमी येतं, एवढा प्रवास झेपत नाही. दिवाळीनंतर पहिल्यांदा व्हिडिओ मुलाखत मिळाली. आईने फोन हातात घेतला आणि सवयीने थेट कानालाच लावला. मी तो सरळ करीपर्यंत भाऊ गप्प झाला होता. मग नुसतं "बरंय, बरंय" करत राहिला. आई तेवढी हमसून रडली. शेवटी मला म्हणाला, "आईला परत दाखवू नको." पुढे दोनदा अर्ज केला, दोन्ही वेळा नामंजूर. वकिलाच्या फीसाठी आईने कानातली फुलं मोडली, आता एक एकर विकू म्हणते. भावाला आईची लाज वाटते का? त्याचं न ऐकता तिला फोनसमोर बसवू का?
– एक बहीण

बाळा,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मलाही वाटलं, पोरगा शरमला असेल. दुसऱ्यांदा वाचताना फुलांपाशी थांबले. आईने फोन कानाला लावला म्हणजे तिकडे त्याच्या पडद्यावर काय आलं असेल? आईचा कान, तोही रिकामा. जन्मापासून ज्या कानात त्याने फुलं पाहिली, तिथे नुसतं भोक. ती कुठे गेली हे त्याला कुणी सांगायची गरजच उरली नाही. आणि ते बोलायचं कुणाजवळ? शेजारी शिपाई उभा, मागे नंबर लावून बसलेले बाकीचे बंदी. तिथे माणूस "बरंय" म्हणतो, दुसरं काय म्हणणार.

मी त्याच्या मनात शिरलेले नाही, माझं चुकतही असेल. पण मला ही आईची लाज वाटत नाही. त्याला स्वतःची वाटते आहे.

म्हणून आधी त्याला पत्र टाक. साधं, हाताने लिहिलेलं. तुरुंगात पत्रं उघडून वाचली जातात, तेव्हा केसबद्दल अक्षरही नको. फुलांबद्दल मात्र स्पष्ट लिही: "आईची फुलं मोडली, सगळ्यांनी मिळून ठरवलं होतं. तू पाहिलंस हे मला कळलं." खोटं सांगू नको, आणि पुढच्या वेळी आईच्या कानात नकली फुलं घालून बसवू तर मुळीच नको. त्याने एकदा पाहिलंय, तो बरोबर ओळखेल. त्याचा होकार येईपर्यंत आईला अचानक समोर आणू नको. आत गेलेल्या माणसाच्या हातात फार थोड्या गोष्टी उरतात. कुणाला भेटायचं आणि कोणत्या अवस्थेत, हे त्यातलं एक आहे. तोवर आईला माझं हे पत्र वाचून दाखव. मुलाने आपल्याला टाकलं असं तिला वाटत असणार.

पत्रात आणखी एक ओळ हवी: "आता पुढे काही विकणार नाही." ती ओळ खरी करायचं काम तुझं. कोठडीत असलेल्या माणसाला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. १९८७च्या विधी सेवा कायद्यात तो दिलाय आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला लागत नाही. तुमच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं, तिथे जा. नाहीतर १५१०० या हेल्पलाइनवर फोन कर. भाऊ आतूनही अर्ज देऊ शकतो. आणि वकिलाला, जो कोणी असेल त्याला, नव्या नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ विचार. १ जुलै २०२४पासून ते लागू आहे. पहिल्यांदाच गुन्ह्यात अडकलेल्या कच्च्या कैद्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल, तर त्याला सोडण्याची तरतूद त्यात आहे. जन्मठेप किंवा फाशीच्या गुन्ह्याला ती लागू नाही, एकाहून जास्त केसेस असल्या तरी अडचण येते. १४ महिने म्हणजे हा हिशेब मांडून बघायची वेळ नक्की झाली. हे होईपर्यंत त्या एकराला हात लावू देऊ नको.

आता नामंजुरीचं. ई-मुलाकात, म्हणजे तुरुंगातल्या भेटीसाठी ऑनलाइन अर्ज करायची जागा; तिथल्या पानावर बंद्याचं नाव आणि वडिलांचं नाव भरावं लागतं. आपण घरी म्हणतो तसं भरतो, आणि तुरुंगाच्या नोंदीत ते पोलिसांनी लिहिलेल्या कागदावरून आलेलं असतं. एखादं अक्षर इकडचं तिकडे झालं तरी जुळत नाही. वकिलाकडून कोर्टाच्या कागदावरचं नाव जसंच्या तसं उतरवून घे. भेटीचा प्रकार निवडताना व्हिडिओच निवडला होतास ना, तेही बघ. घाईत प्रत्यक्ष भेट निवडली जाते. आईचं नाव आणि ओळखपत्र त्याच अर्जात टाक. अर्जाला एक रुपयाही लागत नाही. "नंबर लावून देतो, पाचशे द्या" म्हणणारा भेटला तर वाटेला लाव.

आणि भेट मिळाली की आईच्या हातात फोन द्यायचाच नाही. मुलाखतीच्या रांगेत मीही उभी राहिलेय, माझ्या दिरासाठी. ती मिनिटं कशी सरतात ते मला माहीत आहे. पिठाच्या डब्याला फोन टेकवून ठेव, आईला समोर पाटावर बसव, उजेड तिच्या तोंडावर पडू दे, पाठीमागे दार उघडं नको. आदल्या दिवशी शेजारच्या पोराला फोन लावून तिच्याकडून तालीम करून घे. ऐकू यायला छोटा स्पीकर जोड, नाहीतर तो काय बोलला ते तू तिच्या कानात सांग. रडू येईलच, येऊ दे. पण दाखवायला काहीतरी हाताशी ठेव. आमच्याकडे सासूबाईंनी गायीचं नवं वासरू उचलून धरलं होतं, तेव्हा दीर चार महिन्यांत पहिल्यांदा हसला आणि म्हणाला, "कपाळावर चांद आहे की!" तुझ्या घरी काय आहे ते तुला ठाऊक.

पत्र टाकलंस की मला कळव. अर्ज पुन्हा नामंजूर झाला तर तेही कळव, नाव कुठे अडतंय ते आपण दोघी मिळून बघू.

तुझी,
मावशी