आतड्याचं ट्रान्सप्लांट झाल्यावर आठवड्यातनं दोनदा दुर्बीण कशाला घालतात?

तुम्ही विचारलाय की भावाला आतडं बसवून तीन आठवडे झाले, तब्येत बरी आहे, तरी आठवड्यातनं दोनदा दुर्बीण घालायलेत, बिलासाठी तर नव्हे, आणि निपाणीला घरी न्यावं काय. खर्च काय असतोय ते आम्हीपण सोसलाय, पण दुर्बीण चुकवू नका.

आम्ही खानापूरकडचे. आमच्या ह्यांच्या आतड्याच्या रक्तवाहिनीत गुठळी झालेली, ट्रान्सप्लांट पुण्यात झालं. किडनीवाल्यांचं रक्तातलं क्रिएटिनिन वाढलं की लगेच कळतंय, आतड्याला तशी भरवशाची रक्ताची टेस्टच नाही. पोटावर जो स्टोमा, म्हणजे आतड्याचं तोंड बाहेर काढून केलेलं भोक, ठेवलाय तो बराचसा ह्यासाठीच, तिथनं दुर्बीण आत जाते, बहुतेक वेळा भूलपण लागत नाही, आणि तपासायला आतड्याच्या अस्तराचा बारीक तुकडा घेतलेला ह्यांना कळायचासुद्धा नाही. पडद्यावर मी बघितलंय, चांगलं आतडं टर्किश टॉवेलसारखं दिसतंय, बारीक दशा उभ्या असलेलं. रिजेक्शनमध्ये, म्हणजे शरीर बसवलेलं आतडं नाकारायला लागलं की, त्या दशा आखूड होतात, पण सगळीकडं सारख्या नाही, एका जागी होतंय आणि चार बोटांवर काहीच नसतंय, म्हणून तीन-चार ठिकाणचे तुकडे घेतात.

स्टोमाला लावलेल्या पिशवीतलं पाणी मी मापाच्या भांड्यात मोजून वहीत लिहायची. दुसऱ्या महिन्यात रोजच्या लिटरभराचं एकदम दोन लिटर झालं, ताप नाही, पोटात दुखणं नाही, मला वाटलं ताक बाधलं असणार. दुर्बिणीतपण डॉक्टरांना डोळ्यांनी फारसं काही दिसलं नाही, पण दुसऱ्या दिवशी तुकड्याच्या रिपोर्टमध्ये रिजेक्शन निघालं. अस्तरातल्या मरणाऱ्या पेशी मोजतात म्हणे, दहा क्रिप्टमागं (क्रिप्ट म्हणजे अस्तरातले बारीक खळगे) सहा किंवा जास्त असल्या की रिजेक्शन धरतात. तीन दिवस स्टिरॉइड दिलं आणि उतरलं. हेच जर सीएमव्ही व्हायरसचं असतं तर उपचार उलटा, कारण रिजेक्शनला प्रतिकारशक्ती दाबायची औषधं वाढवतात आणि इन्फेक्शनला बऱ्याचदा कमी करतात, जुलाब मात्र दोन्हीत तसेच! अंदाजावर गोळी दिली तर बसवलेलं आतडंच जायचं हो.

पुढं दुर्बीण आठवड्याला एक, मग महिन्याला एक अशी कमी होत जाते, स्टोमा बंद केल्यावर खालनं कोलोनोस्कोपी करतात. निपाणीला एवढ्यात नेऊ नका, डॉक्टर म्हणतील तोवर दवाखान्याजवळच खोली घ्या. वही आजच घाला, आणि पाणी वाढलं तर रात्र असली तरी फोन करा.