झडपेजवळचे गळू आणि रोजचे ईसीजी

प्रश्न : मी तासगाव तालुक्यात राहते. तीन आठवडे ताप येत होता म्हणून पतीला मिरजेच्या खासगी रुग्णालयात दाखल केले. महाधमनीच्या झडपेला जंतुसंसर्ग निघाला. आठव्या दिवशी ‘हार्ट ब्लॉक’ (हृदयातले विद्युत संदेश अडणे) झाला, ऑपरेशनमध्ये झडपेजवळ गळू सापडले, ते वाचले नाहीत. रुग्णालय म्हणते, ‘दुर्मिळ गुंतागुंत, दोष कुणाचाच नाही.’ दाद मागता येईल का?

उत्तर : ताई, मागता येईल. ‘दुर्मिळ’ या शब्दाने प्रश्न मिटत नाही. इशारा मिळाला होता का, आणि मिळाल्यावर काय केले, हे पाहावे लागेल. हृदयातला विद्युतमार्ग या झडपेला लागूनच जातो. पू तिकडे सरकला की ईसीजीतले पीआर अंतर, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत विद्युत संदेश पोहोचायला लागणारा वेळ, ०.२० सेकंदांच्या पुढे वाढू लागते. तेव्हा अन्ननलिकेतून इको (ध्वनिलहरींनी हृदयाची तपासणी) करायला हवा, कारण छातीवरून केलेल्या इकोत गळू अनेकदा दिसत नाही.

म्हणून आधी कागद. रुग्णालयाला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नियमाने ७२ तासांत नोंदी द्याव्या लागतात. रोजचे ईसीजी, दोन्ही प्रकारच्या इकोचे अहवाल, ब्लड कल्चरचे (रक्तातले जंतू शोधण्याच्या तपासणीचे) नमुने घेतल्याची वेळ आणि नर्सच्या तक्त्यातली अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसची वेळ नावानिशी मागा. डोस आधी आणि नमुने नंतर झाले असतील, तर जंतू सापडण्याची शक्यता घटते. त्याला तसेच सबळ वैद्यकीय कारण होते का, हेही पाहू.

पीआर तीन-चार दिवस वाढत गेले आणि कुणी दखल घेतली नाही, तर तुमची बाजू भक्कम. हार्ट ब्लॉकच्या आदल्या दिवशीपर्यंत ते नीट असेल, तर दावा कमकुवत, हे आत्ताच सांगितलेले बरे. उपचार फसले एवढ्यावर डॉक्टर दोषी ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जेकब मॅथ्यू प्रकरणात (२००५) म्हटले आहे. त्याच निकालानुसार फौजदारी गुन्ह्याला घोर निष्काळजीपणा लागतो; पोलीस ठाण्याची घाई नको.

सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा. मुदत दोन वर्षे. मृत्यूच्या तारखेपासून मोजलेली सुरक्षित. रुग्णालयाला दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, म्हणून सगळ्या पावत्या जपा. तज्ज्ञाचे मत प्रत्येक प्रकरणात सक्तीचे नसले, तरी इथे त्या रुग्णालयाशी संबंध नसलेल्या हृदयरोगतज्ज्ञाचे लेखी मत घ्याच. ईसीजीतला फरक आयोगाला दुसरे कोण समजावणार? तक्रारीत मुले आणि सासूबाई यांनाही वारस म्हणून अर्जदार करा.