स्पेलिंग बीचे सिनेमे मुलीला दाखवण्याआधी

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगी पाचवीत आहे. गेल्या वर्षी शाळेच्या स्पेलिंग बीमध्ये, म्हणजे इंग्रजी शब्दांचं स्पेलिंग तोंडी सांगायच्या स्पर्धेत, दुसरी आली होती, यंदा सुरुवातीच्याच फेरीत बाद झाली. तेव्हापासून शब्दांची यादी समोर ठेवली की तिला रडू फुटतं. माझे मिस्टर म्हणतात, अशा स्पर्धांवरचे छान सिनेमे आहेत, काही नसताना वर आलेल्या मुलांचे. ते दाखवले की जिद्द येईल. दाखवावेत का? आणि कुठले?

उत्तर: जरूर दाखवा. पण जिद्द यावी म्हणून दाखवणार असाल, तर आधी तुम्ही दोघांनी बघा, मुलगी झोपल्यावर. कारण या सिनेमांपैकी माझ्या मते सर्वांत चांगला जो आहे, त्यात आपल्यासारखं एक घर दाखवलंय, आणि ते नायिकेचं घर नाही.

सिनेमा आहे ‘अकीला अँड द बी’. 2006 सालचा, डग अ‍ॅचिसन यांनी लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला. दक्षिण लॉस एंजेलिसमधली 11 वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी, वडील वारलेले, आई एकटी घर चालवतेय. शाळेत हुशारी दाखवली की मुली त्रास देतात, म्हणून अकीला आपली मागे मागे राहते. स्पर्धेसाठी पालकांची परवानगी हवी, तर त्या कागदावर ती वारलेल्या वडिलांची सही स्वतःच करते. पुढे लॉरेन्स फिशबर्नने उभे केलेले एक कडक प्राध्यापक तिला शिकवायला लागतात. अक्षरं म्हणताना तिचा हात मांडीवर ताल धरतो, हे त्यांच्या लक्षात येतं आणि ते तिच्या हातात उड्या मारायची दोरी देतात. दोरीच्या तालावर स्पेलिंग! मुलांना हा भाग फार आवडतो. नंतर गल्लीतले, शाळेतले, ओळखीचे-अनोळखी असे सगळे तिचे शब्द घोटून घ्यायला लागतात. आई तिला सांगते की तुला शिकवणारे पन्नास हजार जण आहेत, फक्त आजूबाजूला बघ. इथपर्यंत तुमचे मिस्टर म्हणतात तसाच हा सिनेमा आहे.

आता डिलनकडे बघा. डिलन चू हा चिनी वंशाचा मुलगा तिचा प्रतिस्पर्धी. राष्ट्रीय स्पर्धेत लागोपाठ दोनदा दुसरा आलेला, ही त्याची शेवटची संधी. उपनगरातलं घर, सगळ्या सोयी, आणि डोक्यावर वडील उभे. एका मित्राच्या वाढदिवसाला स्क्रॅबल खेळताना अकीला त्याला जवळजवळ हरवते. खेळ संपल्यावर वडील त्याला बाजूला घेऊन झापतात: एका लहानशा काळ्या मुलीकडून हरत होतास! ते अकीलाच्या कानावर पडतं. मला हा सिनेमातला सर्वांत महत्त्वाचा प्रसंग वाटतो. परदेशातल्या मराठी आईबापांनी तो बघावा आणि मग एकमेकांशी बोलावं. आपण मुलांना कुणापेक्षा पुढे राहायला सांगतो आणि ते सांगताना आपल्या तोंडी कोणते शब्द येतात? शेजारच्या मुलांबद्दल, दुसऱ्या रंगाच्या मुलांबद्दल जेवणाच्या टेबलावर काय बोललं जातं? मुलं हे सगळं ऐकत असतात.

राष्ट्रीय स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात अकीला त्या वडिलांचं बोलणं पुन्हा ऐकते आणि येत असलेला शब्द मुद्दाम चुकवते, डिलनला एकदाचं जिंकता यावं म्हणून. डिलनच्या हे लक्षात येतं. तोही आपला शब्द मुद्दाम चुकवतो, कारण त्याला अशी मिळालेली जीत नको असते. वडिलांच्या डोळ्यांदेखत त्या मुलाने आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी ठरवलेलं असतं. त्यानंतर दोघं जीव तोडून खेळतात आणि विजेतेपद वाटून घेतात.

आपलं घर अकीलाच्या नाही, डिलनच्या घरासारखं आहे, हे आपल्याला पटकन दिसत नाही, त्याला कारण आहे. आपली पिढी चौथी-सातवीच्या स्कॉलरशिपवर वाढली. दहावीचा निकाल लागला की बोर्डात आलेल्या मुलाला आईवडील पेढा भरवतानाचा फोटो दुसऱ्या दिवशी पेपरात यायचा. आपण परदेशात आलो तेही बहुतेक परीक्षांच्याच जोरावर. त्यामुळे असला सिनेमा बघताना आपण नकळत स्वतःला अकीलाच्या जागी धरतो: मीही लहान गावातून आलो, माझ्याकडेही काही नव्हतं. ते खरंच आहे, पण ती गोष्ट तुमची झाली. तुमच्या मुलीला वेगळी खोली आहे, शब्दांचं ॲप आहे, गाडीतून ने-आण आहे आणि तिच्याकडून अपेक्षाही आहे. अकीला जिंकेल असं सुरुवातीला कुणालाच वाटत नाही, म्हणून ती मोकळी असते. तुमच्या मुलीला तो मोकळेपणा मिळालेला नाही.

त्यात भर म्हणजे, अमेरिकेत स्पेलिंग बी म्हटलं की आता भारतीय चेहराच लोकांच्या डोळ्यांसमोर येतो. 1985 मध्ये बालू नटराजन जिंकले, ते या राष्ट्रीय स्पर्धेचे पहिले भारतीय वंशाचे विजेते. 2019 मध्ये शब्द संपत आले तरी मुलं चुकेनात, म्हणून आठ जणांना मिळून विजेतं घोषित केलं. त्या आठांतली सात आपली होती. नॉर्थ साउथ फाउंडेशनसारख्या संस्थेच्या स्पर्धांमधून आपली मुलं लहानपणापासून तयार होतात. या सगळ्याचा मला मनापासून अभिमान आहे. पण वर्गातल्या पाचवीच्या मुलीसाठी त्याचा अर्थ असा होतो की ती जिंकली तर कुणाला नवल नाही आणि हरली तर सगळ्यांना नवल. यंदा ती लवकर बाद झाल्यावर कुणी तिला ‘तू कशी काय हरलीस?’ असं विचारलं का, हे तिच्याकडून हळूच काढून घ्या. माझा अंदाज आहे, विचारलं असणार.

दुसरा सिनेमा सुचवते तो ‘स्पेलबाउंड’, जेफ्री ब्लिट्झ यांचा 2002 चा माहितीपट. ऑस्करच्या नामांकनापर्यंत गेला होता. 1999 च्या राष्ट्रीय स्पर्धेतल्या आठ मुलांच्या मागे कॅमेरा फिरतो. त्यातली अँजेला टेक्ससची, तिचे वडील मेक्सिकोतून आलेले, गुरं सांभाळतात, त्यांना इंग्रजी येत नाही. मुलगी काय पाठ करतेय हे त्यांना कळतही नाही, तरी तिचं त्यांना फार कौतुक आहे. दुसरीकडे कॅलिफोर्नियातला नील. त्याच्यासाठी वडिलांनी वेगवेगळ्या भाषांचे शिक्षक लावलेत, रोज शब्दांचा रतीब चालू आहे, आणि भारतात आजोबांनी नातवासाठी हजार माणसं जपाला बसवलीत. ऐन स्पर्धेत या मुलाला शब्द येतो ‘दार्जिलिंग’. आपल्यासाठी केवढा सोपा! तो मात्र अडखळतो, पुन्हा पुन्हा विचारतो, घामाघूम होतो आणि शेवटी कसाबसा पार पडतो. ते दृश्य मुलीबरोबर बघताना हसू नका. एवढी तयारी करूनही घरातलाच शब्द अनोळखी वाटावा, इतकं दडपण त्या पोरावर आहे. जिंकते फ्लोरिडाची नूपुर लाला. ती आदल्या वर्षीही आली होती आणि बाद होऊन परत गेली होती. तुमच्या मुलीला हे नक्की सांगा, पण ‘बघ, तिनं कसं केलं’ असं जोडू नका. नुसतं सांगा.

शक्य झालं तर 2021 च्या अंतिम फेरीचा व्हिडिओही दाखवा. लुइझियानाची झाइला अवाँ-गार्द जिंकली, या स्पर्धेतली पहिली आफ्रिकन-अमेरिकन विजेती. ती बास्केटबॉलही जबरदस्त खेळते. तिचा शेवटचा शब्द होता ‘मुराया’, एका जातीच्या झाडांचं नाव, आणि आपला कढीपत्ता त्याच कुळातला! व्हिडिओ कॉलवर आजीला हे सांगायला लावा. आजीला मुलीच्या अभ्यासात शिरायला जागा मिळेल, आणि शब्द म्हणजे नुसती घोकायची यादी नाही हे मुलीलाही जाणवेल.

मुलगी थोडी मोठी झाली की ‘स्पेअर पार्ट्स’ (2015) बघा. 2004 मध्ये फीनिक्सच्या कार्ल हेडन हायस्कूलमधल्या चार मुलांनी प्लंबिंगच्या पाइपांतून पाण्याखाली चालणारा रोबोट बनवला आणि स्पर्धेत एमआयटीच्या संघाला मागे टाकलं. चारही मुलं कागदपत्रांविना अमेरिकेत राहणारी. जिंकल्यानंतरही त्यांची पुढची वाट सोपी झाली नाही. एच-फोर व्हिसावरची, म्हणजे आईवडिलांच्या नोकरीच्या व्हिसाच्या आधाराने राहणारी मुलं ज्यांच्या घरात आहेत आणि तो आधार संपवणारं 21 वं वर्ष ज्यांना डोळ्यांसमोर दिसतंय, त्यांना हा सिनेमा फार जवळून लागेल. त्या चार मुलांची परिस्थिती आणि आपली एक नाही, पण बक्षिसाने कागदपत्रांचा प्रश्न सुटत नाही हे मुलांना लवकर समजलेलं बरं.

‘बॅड वर्ड्स’ मात्र टाळा. त्यातही स्पेलिंग बी आहे, पण तो मोठ्यांचा सिनेमा आहे, शिवीगाळीने भरलेला.

आता तुमच्या मुलीबद्दल. राष्ट्रीय स्पर्धेला आठवीपर्यंत बसता येतं, म्हणजे तिच्याकडे अजून वर्षं आहेत. घाई कुणालाच नाही. महिनाभर तरी यादी बाहेर काढू नका. मग एकदाच विचारा, पुढच्या वर्षी बसायचंय का? आणि ‘नाही’ हे उत्तर चालणार असेल तरच विचारा. तुमचा चेहरा पडणार असेल तर तिला तो दिसेल आणि ती ‘हो’ म्हणेल. ‘नाही’ म्हणाली तर यादी रिसायकलिंगच्या डब्यात टाका, कपाटात नको. ‘हो’ म्हणाली तर शब्द कुणी घ्यायचे, रोज की शनिवारी, गाडीत की दोरीवर, हे तिलाच ठरवू द्या.

आणि मिस्टरांना एवढं सांगा: सिनेमा मध्येच थांबवून ‘बघ, ती किती मेहनत करते’ म्हणायचं नाही. डिलनबद्दल तिने स्वतःहून काही विचारलं तर मात्र लगेच थांबवा आणि तिचं बोलणं पूर्ण होऊ द्या, उरलेला सिनेमा दुसऱ्या दिवशी बघितला तरी चालेल.