प्रौढ रुग्णांना स्वतःच्या आजाराची काळजी घ्यायला कसं शिकवावं? सगळं समजावून सांगूनही ते तसं का वागत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की ओपीडीत मधुमेह आणि हृदयविकाराच्या रुग्णांना माहिती द्यायचं काम तुमच्याकडे नुकतंच आलंय. तक्ते दाखवता, पत्रकं देता, लोक माना डोलावतात आणि पुढच्या खेपेला रिपोर्ट जैसे थे. सहकारी म्हणतात, "यांना कळतं पण वळत नाही." मी परिचारिका आहे, मधुमेहींना शिकवण्याचंच काम करते, आणि माझा अनुभव असा की बऱ्याचदा मुळात कळलेलंच नसतं. समोरचा मान डोलावतो ती भिडेपोटी, आणि कधी एकदा इथून सुटतो असं त्याला झालेलं असतं म्हणून.

यात त्याचा दोष फार कमी. नेदरलँड्सचे मानसशास्त्रज्ञ रॉय केसेल्स यांनी २००३ मध्ये या विषयावरच्या अभ्यासांचा आढावा घेतला होता. दवाखान्यात सांगितलेल्या माहितीपैकी ४० ते ८० टक्के रुग्ण लगेच विसरतात, आणि जी आठवते तिच्यातलीही जवळपास निम्मी चुकीची आठवते. जितकं जास्त सांगाल तितकं जास्त निसटतं. आपल्याला आता इन्शुलिन लागणार हे ज्याला आजच कळलंय, त्याच्या डोक्यात "म्हणजे माझं आता अवघड आहे का?" एवढंच घोळत असतं. त्याला त्या दिवशी स्वादुपिंडाचं चित्र दाखवून काय साधणार?

म्हणून शिकवायला बसण्याआधी एकच विचार करा. हा माणूस घरी गेल्यावर, तुम्ही किंवा डॉक्टर कुणीच जवळ नसताना, कोणता निर्णय एकट्याने घेणार आहे? तेवढंच आज शिकवा. इन्शुलिन नव्याने सुरू झालंय, तर आज दोनच गोष्टी: टोचायचं कसं, आणि साखर उतरली तर काय करायचं. घाम फुटला, हात थरथरले, धडधड झाली की आधी ग्लुकोमीटरवर बघायचं. आकडा ७०च्या खाली असेल तर लगेच १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर, १५ मिनिटं थांबून पुन्हा तपासणी, अजूनही कमीच असेल तर पुन्हा तेवढीच. मीटर हाताशी नसेल तर तपासणीसाठी थांबायचं नाही, साखर घ्यायची. शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालायचं नाही, तातडीने वैद्यकीय मदत बोलवायची. हे अर्थातच घरच्यांना शिकवायचं, कारण त्या वेळी निर्णय त्यांना घ्यायचा असतो. हृदयाचं पंपिंग कमी झालेल्या रुग्णाला "पाणी साठू देऊ नका" असं सांगून तो काय करणार? त्याला सांगा, रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, काही खाण्याआधी वजन करायचं आणि लिहून ठेवायचं. तीन दिवसांत दोन किलोंहून जास्त वाढलं तर त्याच दिवशी फोन करायचा. अमुक दिसलं तर तमुक करायचं, असं सांगितलेलं माणसाला घरी वापरता येतं.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. "समजलं का?" हा प्रश्न विचारणं सोडून द्या. त्याचं उत्तर नेहमी "हो" असतं. त्याऐवजी मी म्हणते, "काका, मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. घरी गेल्यावर काकूंना हे कसं सांगाल?" परीक्षा माझी आहे, त्यांची नाही, हे त्यांना जाणवलं की माणसं मोकळी होतात. आणि जिथे हाताने करायची गोष्ट असेल, तिथे सांगायलाही लावू नका, करून दाखवायला लावा.

एक प्रसंग सांगते. एका गृहस्थांची साखर कधी तीनशे, कधी साठ. डोस वाढत चाललेला. कागदावर शेरा: "पथ्य पाळत नाही." त्यांना म्हटलं, तुम्ही रोज जसं टोचता तसंच आत्ता टोचून दाखवा. इन्शुलिनचं पेन घेतलं, सुई लावली, डोस बरोबर फिरवला, शर्ट वर केला आणि न बघता बेंबीच्या डावीकडे ठरल्या जागी टोचलं. सुई काढल्यावर मी तिथे बोटं फिरवली तर कातडीखाली रबरासारखी गाठ. रोज त्याच जागी टोचल्याने चरबी साठून अशी गाठ होते. तिथे दुखत कमी, म्हणून हात आपोआप तिथेच जातो, पण इन्शुलिन तिथून कधी नीट शोषलं जातं, कधी नाही. शिवाय बटण दाबल्या दाबल्या ते सुई बाहेर काढत होते. दहापर्यंत मोजून मग काढायची, नाहीतर औषधाचे थेंब बाहेर गळतात. त्यांच्या पथ्यात काहीही खोट नव्हती. जागा बदलायची ठरली तेव्हा डॉक्टरांनी आधी डोस कमी केला, कारण चांगल्या कातडीत तेवढंच इन्शुलिन गेलं तर साखर एकदम उतरू शकते. (हे तुम्हीही लक्षात ठेवा. नुसतं "जागा बदला" सांगून पाठवणं धोक्याचं आहे.) तेव्हापासून इन्शुलिन घेणाऱ्या प्रत्येकाच्या पोटावरून मी बोटं फिरवतेच.

दम्याच्या पंपाचंही हेच. पंप दाबायचा एका क्षणी आणि श्वास ओढायचा दुसऱ्या, म्हणजे औषध घशातच राहतं. हे ऐकून समजत नाही, बघावंच लागतं.

बरं, समजलंय आणि तरीही करत नाहीत, असेही रुग्ण असतातच. तिथे माझी विनंती आहे की "ऐकत नाही" असा शेरा मारण्याआधी कारण विचारा. प्रौढ माणसाच्या वागण्याला बहुधा कारण असतं, आणि ते त्याच्या जागी योग्यही असतं. रात्रीचं इन्शुलिन वारंवार चुकवणाऱ्या एका आजींना मी विचारलं, "आजी, रात्री टोचायच्या वेळी मनात काय येतं?" त्या म्हणाल्या, "मी एकटी असते गं. झोपेत साखर उतरली तर सकाळी उठेन का?" पूर्वी एकदा तसं झालेलं होतं. हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनी इन्शुलिनचा प्रकार आणि वेळ बदलली, झोपण्याआधी साखर बघायची असं ठरलं, आणि चुकवणं थांबलं. मधुमेहाच्या गुंतागुंतीवर आणखी दहा व्याख्यानं देऊन हे झालं नसतं. भीती घालून तर नाहीच. पाय कापावा लागेल असं सांगितल्यावर पुष्कळ लोक पायाकडे बघणंच सोडतात.

वाचता न येणं लोक लपवतात, तेही ध्यानात असू द्या. "चष्मा घरी राहिला", "मुलाला दाखवते" असं ऐकू आलं की पत्रक बाजूला ठेवून गोळ्यांची पाकिटं टेबलावर मांडा आणि "यातली सकाळची कुठली?" एवढंच सहज विचारा.

घरी काय करायचं हे त्यालाच ठरवू द्या. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात केट लोरिग यांनी दीर्घ आजाराच्या रुग्णांसाठी सहा आठवड्यांचे वर्ग उभे केले. ते चालवणारे बरेचदा स्वतःच रुग्ण असतात. तिथली एक पद्धत मी रोज वापरते. या आठवड्यात काय करणार हे रुग्णाने ठरवायचं, आणि ते जमेल याची खात्री ० ते १० मध्ये किती ते सांगायचं. आकडा सातच्या खाली आला तर बेत लहान करायचा. "रोज एक तास चालेन" म्हणणारा चारवर असतो. "आठवड्यातून तीनदा पंधरा मिनिटं" म्हटलं की आठवर येतो. मग तेच ठरवायचं, आणि पुढच्या खेपेला रिपोर्ट उघडण्याआधी त्याबद्दल विचारायचं.

रुग्णावर इतका विश्वास टाकला तर गडबड होईल असं काही डॉक्टरांना वाटतं. ब्रिटनमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत टाइप १ मधुमेहींना (म्हणजे ज्यांच्या शरीरात इन्शुलिन जवळपास तयारच होत नाही त्यांना) पाच दिवस शिकवून इन्शुलिनचा डोस जेवणानुसार स्वतः ठरवायला दिला होता. सहा महिन्यांनी त्यांचं एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) ८.४ टक्के होतं, न शिकवलेल्यांचं ९.४, आणि साखर धोकादायकरीत्या उतरण्याचं प्रमाण वाढलं नव्हतं.

"एवढा वेळ कुठून आणायचा?" असं तुमचे वरिष्ठ विचारतीलच. त्यांना एक दिवस शेजारी बसवून घ्या आणि पाच जुन्या रुग्णांना इन्शुलिन टोचून दाखवायला सांगा. तुम्हाला वेगळं काही पटवून द्यावं लागणार नाही.