दोन नोकऱ्यांच्या मधले चार आठवडे

प्रश्न: मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली, वय २६. बेळगावात इंजिनिअरिंग केलं, मग चार वर्षं पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग. आता राजीनामा दिलाय, ३१ जानेवारी शेवटचा दिवस. हाताशी २ लाख ४० हजार आहेत. पुढे तीन वाटा दिसतात: एमबीए, बाबांची काजू फॅक्टरी किंवा बंगळुरूत दुसरी नोकरी. ठरत नाही. म्हणून फेब्रुवारीत एकटीनं सहा आठवडे व्हिएतनाम, कंबोडिया, थायलंड फिरावं म्हणते. अकरा गावांची यादी केली आहे. पासपोर्ट अजून काढलेला नाही. काका म्हणतात, चांगली नोकरी सोडून हुंदडायला निघाली. आई म्हणते, त्यापेक्षा माझ्याबरोबर माघी वारीला चल. बाबा काहीच बोलत नाहीत. जाऊ का? आणि परत येईपर्यंत माझं ठरेल का?

उत्तर: जा. पण सहाऐवजी चार आठवडे जा, आणि तीनऐवजी एकाच देशात, व्हिएतनाममध्ये. परत येईपर्यंत ठरेल का, तर बहुतेक नाही, आणि तसं धरूनच नीघ. फिरताना निर्णय होत नाही; रोजची कटकट थांबते आणि आपल्याला नेमकं काय टोचत होतं ते ऐकू येतं. निर्णय घरी आल्यावर, अंगातला प्रवास उतरल्यावर करायचा असतो.

आधी पैसे, कारण चार आठवड्यांचा आकडा तिथूनच आलाय. साधी राहायची सोय, बस-रेल्वे आणि रस्त्यावरचं जेवण धरून दिवसाला अडीच हजार रुपये धर. ४२ दिवसांचे १ लाख ५ हजार होतात. विमानाचे जाऊन-येऊन ३५ हजार, व्हिसा आणि विम्याचे १० हजार. म्हणजे दीड लाख गेले, ९० हजार उरले. घरी राहणार असशील तर ९० हजार पुष्कळ. पण बंगळुरूत खोली घ्यायची वेळ आली तर डिपॉझिटमध्येच ते संपतील, आणि मग मिळेल ती पहिली नोकरी धरावी लागेल. २८ दिवसांत हाच खर्च सव्वा लाखाच्या आत बसतो. उरलेला सव्वा लाख म्हणजे परतल्यावर कुणालाही 'नाही' म्हणता येण्याची सोय.

पासपोर्टचा अर्ज याच आठवड्यात भर. ३६ पानी पासपोर्टची फी १,५०० रुपये, तत्काळ हवा असेल तर २,००० जादा. अडतं ते फीत नाही, पत्त्यात. आधारवर गावचा पत्ता असतो म्हणून मुलं 'सध्याचा पत्ता' तोच देतात. मग पडताळणीला पोलीस दारात येतात, आई सरळ सांगते, 'ती पुण्याला असते,' आणि 'दिलेल्या पत्त्यावर राहत नाही' असा शेरा पडतो. फाईल अडकते, तिकीट काढलेलं असतं. तू जानेवारी अखेरपर्यंत पुण्यात आहेस, तेव्हा नोंदणीकृत भाडेकरार असेल तर पुण्याचा पत्ता सध्याचा म्हणून दे आणि गावचा कायमचा म्हणून. करार नसेल तर गावचाच पत्ता दे, पण मग रजा काढून पडताळणी होईपर्यंत घरी थांब.

दुसरी अडचण नावाची, आणि ती खास आपल्या भागातली. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, गुणपत्रिकेवर पुष्कळदा नाव आणि पुढे आद्याक्षरं असतात. आधारवर वडिलांचं नाव आणि आडनाव पूर्ण. दोन्हीत फरक असेल तर आधी ती दुरुस्ती कर, मग अर्ज. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा सोडू नको. एकेरी नावाच्या पासपोर्टवर काही देश प्रवेशच देत नाहीत. जन्मदाखल्यावर 'बेलगाम' आणि नव्या कागदांवर 'बेळगावी' असेल तर त्याचं टेन्शन नको. १ नोव्हेंबर २०१४ पासून सरकारी नाव बदललं, एवढाच तो फरक.

नोकरीतून बाहेर पडताना रिलिव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला हातात घेतल्याशिवाय लॅपटॉप जमा करून मोकळी होऊ नको. नंतर ईमेलवर पाठवतो म्हणतात, आणि तीन महिन्यांनी नव्या कंपनीच्या तपासणीत तोच कागद नडतो. पीएफ काढू नको. सलग पाच वर्षांच्या आत काढलेल्या रकमेवर कर लागतो आणि तुझी चारच झाली आहेत. पुढच्या नोकरीत तो वर्ग कर. कंपनीचा आरोग्यविमा शेवटच्या दिवशी संपतो, तेव्हा १ फेब्रुवारीपासून स्वतःची पॉलिसी हवी. प्रवासविमा वेगळा, तो देशात परतल्यावर चालत नाही.

आता एमबीए. पत्रात तू तिन्ही वाटा एका ओळीत मांडल्यास; एमबीएबद्दल मात्र विषय काय, कॉलेज कुठलं, एक अक्षर नाही. ती वाट तुला हवी आहे की लोकांना सांगायला बरी आहे, हे बघ. तरी दार बंद करू नको. महाराष्ट्राची एमबीए सीईटी साधारण मार्च-एप्रिलमध्ये होते, म्हणजे तू प्रवासाला निघण्याआधीच फॉर्म भरावा लागेल. ८६५ गावांच्या वादग्रस्त महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांना तिथे वेगळ्या प्रवर्गातून अर्ज करता येतो. तुमचं गाव यादीत असेल तर रहिवासाचा आणि मातृभाषेचा असे दोन दाखले लागतील, तेही ठरवून दिलेल्या नमुन्यातच. नाडकचेरी (महसूल खात्याचं स्थानिक कार्यालय) आणि तहसीलदार कार्यालयाच्या फेऱ्यांना वेळ जातो. हे काम बाबांवर टाकून जाऊ नको, जानेवारीतल्या एखाद्या लांब सुट्टीत स्वतः उरक. परदेशातून दाखला निघत नाही.

देश एकच का, तर तुझ्या यादीत अकरा गावं आहेत आणि ४२ दिवस. म्हणजे दर चौथ्या दिवशी बॅग भरा, बस शोधा, नवी खोली, नवं नकाशावाचन. त्यात विचाराला जागा कुठे? शिवाय थायलंड-कंबोडिया सीमेवर २०२५ मध्ये लढाई झाली आणि जमिनीवरून ये-जा बंद पडली. सीमेवरच्या रोजच्या माणसाचं त्यात काय होतं हे आपल्याकडे कुणी समजावून सांगायला नको. आईचं म्हणणं इथे कामाला येतं. वारीत मुक्काम आधी ठरलेले असतात, उठायची वेळ ठरलेली, जेवण कुठे तेही ठरलेलं. म्हणून चालणाऱ्याचं डोकं मोकळं राहतं. तूही तीनच मुक्काम ठरव: हनोईत आठ दिवस, मध्य किनाऱ्यावरच्या होई आनला बारा, उरलेले हो ची मिन्ह शहर आणि त्याच्या उत्तरेला. फेब्रुवारीत हनोईला थंडी आणि बारीक पाऊस असतो, स्वेटर लागेल. मध्य किनाऱ्यावर तोवर पावसाळा सरलेला असतो. हनोईहून दा नांगपर्यंत रात्रीच्या रेल्वेनं जा, सोळा-सतरा तास लागतात, तिथून होई आन जवळ आहे. त्यांचं नववर्ष टेट चांद्र पंचांगाप्रमाणे जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत कधीही येतं. त्या आठवड्यात दुकानं बंद आणि गाड्या भरलेल्या, तेव्हा तो एकाच गावात बसून काढ.

व्हिएतनामचा ई-व्हिसा ९० दिवसांपर्यंत मिळतो. एकदा प्रवेशाचा २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाचा ५०. कंबोडियात डोकावून परत येऊ म्हणून बाहेर पडलीस तर २५ वाला तिथेच संपतो. परतीला नवा लागतो. अर्जात कुठल्या विमानतळावर उतरणार ते निवडावं लागतं, आणि नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षरशः. सरकारी पोर्टलसारख्या दिसणाऱ्या एजंटांच्या साइट पुष्कळ आहेत. फी दुप्पट दिसली की समज. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून परदेशी विमान नाही, तेव्हा मुंबई किंवा बंगळुरू. सांबरा-बंगळुरू आणि पुढचं तिकीट वेगवेगळं काढलंस आणि पहिलं विमान लेट झालं, तर दुसऱ्या कंपनीला त्याचं सोयरसुतक नसतं. आदल्या दिवशी पोच.

तिथे सगळे स्कूटर भाड्यानं घेतात. तू घेऊ नको. आपल्याकडे मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना १९४९ च्या कराराखालचा असतो, व्हिएतनाम १९६८ च्या कराराचा मानतं. दुकानदार परवाना विचारणारही नाही, पण पडलीस तर विमा कंपनी नक्की विचारेल. आणि एटीएमवर किंवा दुकानात 'रुपयांत पैसे कापू का' असं यंत्र विचारतं तेव्हा 'नाही, डाँगमध्ये', म्हणजे तिथल्या चलनात, असंच निवड. रुपयांच्या सोयीखाली महागडा दर लावलेला असतो.

आता खरी गोष्ट. तुझ्या घरी काजू फॅक्टरी आहे आणि तू निघालीस जगात सर्वात जास्त काजूगर निर्यात करणाऱ्या देशात, आणि तुझ्या अकरा गावांत बिन्ह फुओक नाही! हो ची मिन्ह शहराच्या उत्तरेला साधारण शंभर किलोमीटरवर हा प्रांत होता. जुलै २०२५ मध्ये तो दोंग नाईत विलीन झाला, पण काजूवाले अजून जुनंच नाव घेतात. तिथे आफ्रिकेतून आणि कंबोडियातून काजू बी येते, फोडली-सोलली जाते आणि गर बाहेर जातो. चार दिवस तिकडे काढ. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही, बघता येतं. जाण्याआधी बाबांबरोबर एक दिवस फॅक्टरीत उभी राहा आणि लिहून घे: बी कुठून, किती ओलाव्याची घेता, बॉयलरपासून ग्रेडिंगपर्यंत गर कुठे तुटतो, शंभर किलो बीमागे अख्खा गर किती आणि पाकळी-तुकडा किती. डब्ल्यू ३२० म्हणजे एका पौंडात ३०० ते ३२० गर, हे तू लहानपणापासून ऐकलं असशील. आता त्याच्यासमोर भाव लिही. हीच वही तिकडे घेऊन जा. फॅक्टरी चालवायची असं ठरवून जाऊ नको. बघताना हात शिवशिवतात की जांभई येते, एवढंच तपासायचंय.

वहीचा दुसरा उपयोग. पहिले सात दिवस काही लिहू नको. चार वर्षांची झोप बाकी आहे ती घे. त्या आठवड्यात मनात येईल तो वैताग असतो, विचार नव्हे. आठव्या दिवसापासून एक दिवसाआड, वीस मिनिटं, फोन खोलीत ठेवून. 'मला आयुष्यात काय हवंय' असले प्रश्न कागदावर आणू नको, त्यांना उत्तरही तसंच पोकळ येतं. आज कशात वेळ गेला ते कळलं नाही? कुठल्या आठवणीनं पोटात गोळा आला? नोकरीतलं कुठलं काम फुकट सांगितलं तरी केलं असतं? नावं, तारखा, वेळा घालून लिही. 'लोकांशी बोलणं आवडलं' असं नको. 'होमस्टेच्या बाईला बुकिंगचा तक्ता करून दिला, दीड तास' असं. दहा-अकरा नोंदी होतील. त्यात एकच गोष्ट चारदा आली तर तिच्याकडे बघ.

होई आनला संध्याकाळी नदीत दिवे सोडतात. तिथे बसून प्रत्येकाला वाटतं, आता मागचं सगळं सोडावं. त्या अवस्थेत कुणालाही मेल करू नको, नोकरीला नकार नको, घरी घोषणा नको. परतल्यावर दहा दिवस जाऊ दे. घरी फोन आठवड्यातून दोनदा, वार ठरवून. तिथलं घड्याळ दीड तास पुढे असतं. रोज बोलायला लागलीस की आईचा रोजचा प्रश्न 'मग काय ठरलं?' तुझ्यासोबत फिरायला लागेल.

मुलाखतीत या खंडाबद्दल विचारतील. 'स्वतःला शोधायला गेले होते' म्हणू नको. फेब्रुवारी-मार्च, ठरवून घेतलेली विश्रांती, घरच्या उद्योगाची पाहणी. खरंही आहे आणि पुढचा प्रश्न कामावर येतो. काकांनाही हेच सांग, त्यांना 'पाहणी' शब्द आवडेल.

परतीचं तिकीट १० मार्चच्या आसपासचं काढ. आपल्याकडे काजू बी यायला मार्चमध्ये सुरुवात होते, मेपर्यंत चालते. बाबांची वर्षाची खरेदी त्याच दिवसांत. तेव्हा तू घरी असणं हाच सगळ्यात स्वस्त प्रयोग आहे: दोन महिने, पगार न घेता, खरेदीच्या काट्यापाशी.

आणि येताना बिन्ह फुओकचा सालासकट भाजलेला काजू आण, दुकानातलं सीलबंद पाकीट, पाव किलो पुरे. तिथे गरावरची तांबडी साल न काढताच मीठ लावून भाजतात आणि तसाच विकतात. तुमच्याकडे तीच साल सोलायला सर्वात जास्त हात लागतात, आणि सोलताना गर तुटला की भाव पडतो. पाकीट जेवणानंतर बाबांसमोर ठेव, काही बोलू नको. ते आधी एक गर उचलून बोटांनी साल घासून बघतील.