पॉप-अप छताचे कापड निवडताना

तुमच्या फोक्सवागन टी-३ वेस्टफालिया या झोपण्याची सोय असलेल्या कॅम्पर व्हॅनच्या पॉप-अप, म्हणजे वर उचलल्या जाणाऱ्या कापडी भिंतींच्या, छतासाठी कापड घेताना रंगाआधी वीण आणि लेप पाहावा. पीव्हीसीचा लेप दिलेले पॉलिएस्टर पाणी आत येऊ देत नाही, परंतु आतली दमट हवाही बाहेर जाऊ देत नाही. जर्मनीतील थंड रात्री छताखालच्या वरच्या बिछान्यावर दोघे झोपले की बाष्प कापडाला आतून थेंबाथेंबाने धरते आणि पहाटेपर्यंत अंथरूण ओलसर होते. सुती कॅनव्हासमधून हवा खेळती राहते. भिजल्यावर त्याचे धागे फुगून शिवणीची छिद्रे बुजतात, म्हणून नवे कापड बसवल्यावर, प्रवासाला निघण्यापूर्वी, एकदा पूर्ण भिजवून ताणलेल्या स्थितीतच वाळवावे. मात्र ते ओले असताना छत मिटून ठेवल्यास बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते सहसा निघत नाहीत. गाडी सतत उन्हात उभी राहणार असेल, तर धागा तयार होतानाच रंगवलेले ॲक्रिलिक मला अधिक भरवशाचे वाटते. दोरा उन्हाला टिकणारा, पॉलिएस्टरचा असावा. जुने कापड टाकू नका; शिवणी उसवून त्याचा नमुना करावा, परंतु ते आटलेले किंवा सैलावलेले असू शकते, म्हणून छत पूर्ण उघडून चौकटीची मापे स्वतंत्रपणे घ्यावीत आणि घड्या पडतात त्या जागा खडूने खुणावाव्यात, कारण कापड तिथेच झिजते आणि छत मिटताना बिजागरीत अडकून फाटते.